दाविद बिन ससून : एका परदेशस्थ मूळपुरुषाच्या चरित्राचीं साधनें

१

पुणें शहरांत ‘ससून’ हें नांव कानीं पडलें नाहीं असा मनुष्य विरळा. दुखणें हाताबाहेर गेलें कीं रोग्यास ‘ससूनला’ नेतात. मुंबईस पहांटे मासळीचा बाजार भरतो तो ‘ससून डॉक’वर. नित्याच्या वापरानें शब्द गुळगुळीत होतो, आणि तो मुळांत कोणा मनुष्याचें नांव होता याचें भानहि राहत नाहीं. पुण्याच्या लष्कर भागांत तांबड्या विटांची व उंच मनोऱ्याची जी इमारत आहे तिला लोक ‘लाल देऊळ’ म्हणतात. तें यहुद्यांचें प्रार्थनामंदिर असून त्याचें मूळ नांव ‘ओहेल दाविद’, म्हणजे दाविदाचा मंडप, असें आहे. त्याच्या आवारांत ज्या पुरुषाची समाधि आहे त्याचें व त्याच्या घराण्याचें वृत्त कोणत्या साधनांवरून जुळवावें, त्यांतील कोणतें साधन किती विश्वसनीय मानावें, आणि कोणत्या साधनाकडे आजवर दुर्लक्ष झालें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

परदेशांतून येऊन येथें रुजलेल्या मूळपुरुषाचा शोध घेणें हें देशमुख-देशपांड्यांच्या घराण्याचा शोध घेण्याहून निराळें काम आहे. वतनदाराचा कागद वतनाबरोबर एका जागीं राहतो. व्यापाऱ्याचा कागद त्याच्या मालाबरोबर फिरतो. ससून घराण्याचे कागद बगदाद, बुशहर, मुंबई, पुणें, शांघाय व लंडन एवढ्या प्रदेशांत पसरले. म्हणून येथें एका दप्तरावर भिस्त ठेवून चालत नाहीं. दगड, नांवें, तारखा व पत्रें हीं एकमेकांस लावून पाहावीं लागतात.

आरंभींच एक घोटाळा दूर करणें अवश्य आहे. आपल्या कोंकणांतील बेने इस्राएल, ज्यांस गांवोगांवीं ‘शनवार तेली’ म्हणत, ते शतकानुशतकें येथें राहिलेले व मराठी मातृभाषा असलेले यहुदी होत. ससून हे त्यांपैकीं नव्हत. ते ‘बगदादी’, म्हणजे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून प्रथम सुरतेस व मग मुंबईस आलेल्या अरबीभाषी यहुदी व्यापाऱ्यांपैकीं. धर्म एक असूनहि हे दोन समाज एकजीव झाले नाहींत. मुंबईच्या समाईक दफनभूमींत मध्यें भिंत घालून द्यावी असा अर्ज बगदादी मंडळींनीं १८३६ सालींच सरकारकडे केला होता. तेव्हां बेने इस्राएलांच्या मराठी कागदांत ससूनांचें मूळ शोधूं गेल्यास हातीं कांहीं लागणार नाहीं.

२

प्रथम नांवाचा विचार करूं. आपल्याकडील महजरांत व करिन्यांत ‘अमुक बिन तमुक पाटील मोकदम’ अशी नांवें पदोपदीं आढळतात. हा ‘बिन’ शब्द अरबी असून त्याचा अर्थ ‘पुत्र’ असा आहे. इब्री भाषेंतील ‘बेन’ हा त्याचाच सख्खा भाऊ. आमच्या चरित्रनायकाचें नांव या पद्धतीनें ‘दाविद बिन ससून’, म्हणजे ससूनाचा पुत्र दाविद, असें होतें. ‘ससून’ हें त्याच्या बापाचें पाळण्यांतलें नांव; इब्रींत त्याचा अर्थ आनंद. तें आडनांव झालें तें मुंबईस आल्यावर, आणि इंग्रजी दफ्तरांत पित्याच्या नांवास आडनांवाची जागा मिळाली म्हणून. यास्तव दाविदापूर्वींच्या काळांत ‘ससून घराणें’ शोधणें ही पहिलीच चूक होय. तेथें शोधावयाचें तें सालेह याचा पुत्र शेख ससून या व्यक्तीस.

पुढील पिढ्यांत मुंबईची चाल या घराण्यानें उचलली. आपलें नांव, मग बापाचें नांव, मग आडनांव, असा क्रम मराठी, गुजराती व पारशी समाजांत होता. तोच ससूनांत दिसतो. याकोब एलियास ससून म्हणजे एलियासाचा मुलगा याकोब. एडवर्ड आल्बर्ट ससून म्हणजे आल्बर्टचा मुलगा एडवर्ड. दाविदाच्या एका मुलाचें नांव आजोबावरून ‘ससून’ ठेवलें होतें. तो ‘ससून दाविद ससून’ या नांवानें कागदांत येतो, आणि अजाण वाचक एकाच मनुष्याचे दोन मनुष्य करतो. वंशावळ लावणारानें मधलें नांव कधींहि गाळूं नये. या घराण्यांत तीच किल्ली आहे.

मूळपुरुषाच्या मागें किती जावें? घराण्यांत अशी परंपरा सांगतात कीं, त्यांचे पूर्वज स्पेनमधील तोलेदो शहरच्या इब्न शोशान या प्रतिष्ठित कुळांतील. आपल्याकडे अनेक घराणीं आपली शाखा उदेपुराशीं जोडतात, त्याच मासल्याचें हें आहे. ती खोटीच असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तोलेदो व बगदाद यांमधील पिढ्या अखंड दाखविल्याविना तिला वंशावळींत जागा देतां येत नाहीं. निश्चित भूमि लागते ती शेख ससून बिन सालेह यापाशीं. हा सुमारें १७५० सालीं जन्मला. बगदादच्या पाशांच्या दौलतीचा तो मुख्य सराफ होता, आणि यहुदी समाजाचा ‘नासी’, म्हणजे प्रमुख. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर पोतदारी व समाजाची शेटेपणाची गादी हीं दोन्हीं त्याच्या घरीं होतीं. दाविदाचा जन्म १७९२ सालचा.

३

बगदाद सोडण्याचें कारण राजकीय होतें. तेथें दाऊद पाशा हा मामलुक सुभेदार १८१६ पासून अधिकारावर होता. सराफाचा पैसा हा राज्यकर्त्यांस नेहमींच आपला वाटतो. दाऊद पाशाच्या अमलांत यहुदी धनिकांवर जुलूम वाढला, आणि १८२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस दाविद बसऱ्याच्या वाटेनें इराणच्या किनाऱ्यावरील बुशहर बंदरीं निघून गेला. वृद्ध पिता मागाहून तेथें पोंचला व १८३० सालीं तेथेंच वारला. या पलायनाविषयीं घराण्यांत एक गोष्ट सांगतात : दाविदानें अंगरख्याच्या अस्तरांत मोतीं शिवून घेतलीं होतीं व रात्रीं होडीनें तो निसटला. अशा गोष्टी स्थलांतरित घराण्यांत बहुधा आढळतात. त्या मनोरंजक असतात, व मूळपुरुष अगदींच रिक्तहस्त आला नव्हता एवढें त्यांवरून समजतें. त्यापलीकडे त्यांवर भार टाकूं नये.

बुशहराहून त्यानें मुंबईच कां गांठली, याचें उत्तर मात्र गोष्टींत नाहीं. तें राज्यव्यवस्थेंत आहे. बुशहरास इंग्रज कंपनीचा रेसिडेंट असे व तो मुंबई सरकारच्या हाताखालीं होता. इराणी आखातांतील घोडे, मोतीं, खजूर व लोंकर मुंबईस येत आणि मुंबईहून कापड तिकडे जाई. तेव्हां बुशहरच्या व्यापाऱ्यास मुंबई ही परकी नव्हती. ती त्याच्याच रस्त्याचें दुसरें टोंक होती.

आगमनाच्या सालाविषयीं ग्रंथांत १८३२ व १८३३ असे दोन आंकडे मिळतात. आमच्या मतें १८३२ हाच ग्राह्य मानावा. दाविदाचा वर सांगितलेला पुत्र, ससून दाविद, हा १८३२ च्या ऑगस्टांत मुंबईंत जन्मला अशी नोंद आहे. ती प्रमाण धरल्यास कुटुंब त्या पावसाळ्यापूर्वींच मुंबईंत येऊन पोंचलें असलें पाहिजे. कारण आखातांतून येणारीं गलबतें भर पावसाळ्यांत मुंबई बंदरीं सहसा लागत नसत. बापाचें आगमन मुलाच्या जन्मावरून ठरविण्याची ही रीत आपणांस नवी नाहीं. पेशवेकालीन शकावल्यांतहि आपण असेंच करतों.

वेळहि मोक्याची होती. हिंदुस्थानच्या व्यापाराचा कंपनीचा मक्ता १८१३ त गेला होता. चीनच्या व्यापाराचा मक्ता १८३३ च्या सनदेनें गेला. म्हणजे दाविद मुंबईस उतरतो न उतरतो तोंच पूर्वेकडील दार खाजगी व्यापाऱ्यांस खुलें झालें. त्याचें वय त्या वेळीं चाळिशीचें. इंग्रजी त्यास येत नव्हती. अरबी, इब्री, फारसी, तुर्की या भाषा येत होत्या, आणि हिंदुस्थानी तो येथें शिकला.

४

त्याचा आरंभीचा धंदा आखाताशीं कापडाचा व सावकारीचा होता. १८४२ च्या नानकिंगच्या तहानें चीनचीं पांच बंदरें उघडलीं आणि १८४४ सालीं दाविदानें आपला दुसरा मुलगा एलियास यास तिकडे धाडलें. पुढें कँटन, हाँगकाँग, शांघाय अशा पेढ्या झाल्या. १८५८ त ससून दाविद लंडनास गेला. मुलगे पाळीपाळीनें या पेढ्यांवर जात व परत येत. घर हीच पेढी, आणि पुत्रसंतति हेंच तिचें गुमास्तामंडळ, अशी ही रचना होती. या पेढ्या तारयंत्रानें एकमेकींस जोडलेल्या नव्हत्या त्या काळीं परक्या गुमास्त्यापेक्षां सख्ख्या मुलाचें पत्र अधिक भरंवशाचें, हें त्या रचनेचें मर्म होय.

चीनकडे काय जात असे? कापूस, सूत, आणि अफू. या घराण्याच्या कित्येक चरित्रांत रुग्णालयें व ग्रंथालयें यांचीं वर्णनें विस्तारानें येतात आणि अफूचा उल्लेख एका ओळींत उरकला जातो. आमच्या मतें हा इतिहासाचा न्याय नव्हे. मुंबईहून जाणारी अफू माळव्याची असे. ती शिंदे व होळकर यांच्या मुलखांतील शेतांत पिके. इंदूर-उज्जनीचे सावकार ती खरेदी करीत. इंग्रज सरकार तिच्या पेट्यांवर परवान्याचें जबर शुल्क घेई. १८४३ त सिंध प्रांत इंग्रजांच्या हातीं जाईपर्यंत पुष्कळ माल कराचीच्या आडवाटेनें निसटत असे. ती वाट बंद झाल्यावर मुंबईचें महत्त्व वाढलें. या व्यापारांत ससून पहिले नव्हत. त्यांच्या आधीं मुंबईचे पारशी शेटजी व इंग्रज पेढ्या त्यांत मुरलेल्या होत्या. चीनमध्यें अफूची आयात १८५८ त कायदेशीर ठरली. ससूनांचा वाटा सर्वांत मोठा झाला तो दाविदाच्या मृत्यूनंतर, १८७० च्या पुढें. हा भेद ध्यानीं ठेविला पाहिजे. मुलांच्या व नातवांच्या काळांतील प्रमाण आजोबाच्या माथीं मारणें बरोबर नाहीं. पण पाया त्यानेंच घातला हेंहि झांकतां येत नाहीं. अफूविषयीं ब्रिटिश सरकारनें १८९३ त कमिशन नेमलें तरी व्यापार चालूच राहिला. १९०७ च्या करारानें तो उतरणीस लागला आणि १९१३ त चीनकडील निर्यात थांबली. चीनमधील व्यसनी मनुष्याचें दुःख व पुण्यांतील रोग्यास मिळालेली खाट हीं दोन्हीं एकाच खातेवहींतील जमाखर्च आहेत. चरित्रकारानें जमेची बाजू वाचावी व खर्चाची मिटवावी, हें चालणार नाहीं.

५

दाविद मुंबईचा झाला, पण कितपत झाला? याचें उत्तर देणारा एक कागद प्रसिद्ध आहे. १८५३ सालीं त्यानें ब्रिटिश प्रजाजनत्व घेतलें. त्या दाखल्यावर त्यानें सही केली ती इब्री अक्षरांत. एकवीस वर्षें मुंबईंत राहून, इंग्रजांशीं लक्षावधींचा व्यवहार करून, सही आपल्या लिपींतच. त्याच्या चित्रांत व मुंबईच्या डेव्हिड ससून ग्रंथालयांतील वूल्नरकृत पुतळ्यांत तो पागोटें व पायघोळ झगा या आपल्या देशच्या वेषांत आहे. राजनिष्ठा मात्र त्यानें पुरती इंग्रजांस वाहिली. १८५७ च्या उठावांत त्यानें सरकारास साहाय्य देऊं केलें. वेष बगदादचा, घर मुंबईचें, निष्ठा इंग्रजी तख्ताशीं आणि लिपि पूर्वजांची, असा हा मनुष्य होता.

मुलांत पालट झाला तो नांवांवरून कळतो. थोरला अब्दुल्ला तो आल्बर्ट झाला. अब्राहाम तो आर्थर झाला. जुन्या कागदांत अब्दुल्ला ससून व नव्या कागदांत सर आल्बर्ट ससून हे दोन इसम नव्हत. कुलाब्याची गोदी बांधणारा (१८७५) व १८९० त बॅरोनेट झालेला तो एकच पुरुष होय. नांवाचा हा सांधा ज्या सालीं बदलतो तें साल वंशावळींत टिपून ठेवणें फार उपयोगाचें आहे.

६

पुण्याशीं संबंध कां आला? पेशवाई बुडाल्यावर पुणें ही मुंबईच्या गव्हर्नराची पावसाळ्यांतील बसण्याची जागा झाली. त्याच्यामागून मुंबईचे धनिक येथें बंगले बांधूं लागले. दाविदानेंहि येथें बंगला बांधला, आणि त्याच बंगल्यांत ७ नोव्हेंबर १८६४ रोजीं तो वारला. तेव्हां त्याचें वय बहात्तर वर्षांचें होतें.

येथें तारखांविषयीं एक सूचना करणें जरूर आहे. ससून रुग्णालयाची पायाभरणी १८६३ ची, इमारत पुरी झाली १८६७ त. ओहेल दाविद प्रार्थनामंदिराचें काम १८६३ त सुरू होऊन तेंहि १८६७ त पुरें झालें; दोहोंशीं कॅप्टन हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या इंजिनियराचें नांव निगडित आहे. मुंबईच्या ग्रंथालयाची इमारत १८७० ची. म्हणजे ज्या वास्तूंमुळें आज दाविदाचें नांव राहिलें त्यांपैकीं मोठ्या तीन वास्तू त्यानें पुऱ्या झालेल्या डोळ्यांनीं पाहिल्या नाहींत. इमारतीवरील साल तें दात्याच्या हयातीचें साल, अशी समजूत करून घेणारा संशोधक येथें हटकून चुकेल.

यहुदी थडग्यांवरील काळगणनेचीहि ओळख पुण्यामुंबईच्या संशोधकांनीं करून घ्यावी. ती आपल्या पंचांगास जवळची आहे. महिने चांद्र, आणि सौर वर्षाशीं मेळ घालण्यासाठीं एकोणीस वर्षांत सात अधिक मास. वर्ष आश्विनाच्या सुमारास पालटतें. इब्री वर्ष ५६२५ हें १८६४ च्या ऑक्टोबरांत लागलें. म्हणून त्या वर्षांतील ऑक्टोबर ते डिसेंबरच्या मितीस ३७६१ वजा करावे व पुढील महिन्यांच्या मितीस ३७६० वजा करावे. आपण शकांत ७८ मिळवावे कीं ७९ याचा जो विचार करतों तोच हा. दाविद वारला त्या दिवशीं इब्री महिना हेश्वान चालू होता व आपला शके १७८६ चा कार्तिक. दोन्हींकडे शुक्ल पक्ष. थडग्यावरील इब्री मिति व वर्तमानपत्रांतील इंग्रजी तारीख एकमेकींशीं ताडून पाहण्याची संवय ठेविल्यास पुष्कळ वंशावळींतील चुका दुरुस्त होतील.

७

आतां वंशाकडे वळूं. दाविदाचीं लग्नें दोन. पहिली स्त्री हन्ना ही १८२६ सालीं निवर्तली. दुसरी फरहा हिच्याशीं त्यानें १८२८ त विवाह केला. मुलगे एकंदर आठ : पहिलीपासून अब्दुल्ला (१८१८–१८९६) व एलियास (१८२०–१८८०); दुसरीपासून ससून दाविद, रूबेन, अब्राहाम ऊर्फ आर्थर, अहरोन, सालोमन व फ्रेडरिक. थोरला व धाकटा यांच्या वयांत पस्तीस वर्षांचें अंतर होतें. त्यामुळें पुतणे काकांहून वडील, असा प्रकार या घरांत आहे. पित्याच्या मागें पेढीचें मुख्यत्व अब्दुल्लाकडे आलें. चीनचा व्यापार उभा करणारा एलियास त्याखालीं राहिला नाहीं. १८६७ त त्यानें वेगळी पेढी काढली. भाऊबंदकी ही कांहीं आमचीच मिरास नव्हे! याच एलियासाच्या स्मरणार्थ त्याचा मुलगा याकोब यानें मुंबईच्या कोटांत १८८४ सालीं ‘केनेसेत एलियाहू’ हें प्रार्थनामंदिर बांधलें.

छापील वंशावळींत मुलगे क्रमानें दिलेले असतात, व मुली समासांत जातात. या घराण्यांत तसें केल्यास गांठ उकलतच नाहीं. दाविदाचा मुलगा सालोमन (मृत्यु १८९४) याची पत्नी फ्लोरा (१८५९–१९३६). ही कोण? अब्दुल्लाची मुलगी अझीझा, ती गब्बाय घराण्यांत दिली. तिची मुलगी फ्लोरा. म्हणजे फ्लोरा दाविदाची पणती, आणि सूनहि. तिचा मुलगा दाविद सालोमन ससून हा बापाकडून दाविदाचा नातू होतो, व आईकडून खापरपणतू. एकाच मूळपुरुषापासून एकच मनुष्य दोन निरनिराळ्या पिढ्यांवर येतो; पुरुषांचीच वंशावळ काढणारास हें दिसणार नाहीं. ही फ्लोरा सामान्य बाई नव्हती. पतीच्या पश्चात् १९०१ पर्यंत मुंबईच्या पेढीचा कारभार तिनें पाहिला. तिचें इब्री व अरबी धर्मग्रंथांचें ज्ञान मोठें होतें. आणि लस टोंचून घेण्यास लोक भीत असतां डॉ. हाफकिन यांस तिनें पाठिंबा दिला व स्वतः टोंचून घेतलें.

पुढील पिढ्या इंग्लंडांत गेल्या. ससून दाविदाची मुंबईंत जन्मलेली मुलगी रेचेल बिअर ही लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ व ‘संडे टाइम्स’ या पत्रांची संपादिका झाली. त्याचा नातू सीगफ्रीड (१८८६–१९६७) हा पहिल्या महायुद्धाचा कवि म्हणून इंग्रजी वाङ्मयांत प्रसिद्ध आहे. आल्बर्टचा बॅरोनेट किताब नातू फिलिप १९३९ त निपुत्रिक वारल्यानें संपला. याकोबास १९०९ त मिळालेला किताब पुतण्या व्हिक्टर याच्या मृत्यूनें १९६१ त संपला. मूळपुरुष मुंबईंत राहिला बत्तीस वर्षें. त्याच्या वंशाचा येथील वास तीन पिढ्यांत आटोपत आला. राहिल्या त्या इमारती, आणि राहिले कागद.

८

या कागदांची हकीकत संग्राहकांनीं लक्षपूर्वक ऐकण्याजोगी आहे. वर सांगितलेला नातू दाविद सालोमन (१८८०–१९४२) मुंबईंत जन्मला आणि लंडनांत राहून इब्री हस्तलिखितांचा जगांतील नामांकित संग्राहक झाला. एक हजाराहून अधिक पोथ्या त्यानें जमविल्या व त्यांची वर्णनात्मक सूचि दोन खंडांत १९३२ सालीं प्रसिद्ध केली. तिचें नांव ‘ओहेल दाविद’; पुण्याच्या लाल देवळाचें जें नांव तेंच. आजोबाच्या मुंबईंतील आगमनास त्या सालीं बरोबर शंभर वर्षें झालीं होतीं. बगदादच्या यहुद्यांचा इतिहासहि त्यानें लिहिला. तो त्याच्या मृत्यूनंतर १९४९ त छापला गेला. ज्या शहरांतून आजोबा पळाला त्या शहराचा इतिहास नातवानें लिहावा, हें त्या घराण्याच्या स्मरणशक्तीचें लक्षण होय.

तो संग्रह पुढें फुटला. १९७५ पासून त्यांतील पोथ्या लिलावांत गेल्या. १९२९ त दाविद सालोमननें घेतलेली, सूचींत १०५३ क्रमांकाची इब्री बायबलची पोथी, जी नवव्या शतकाच्या अखेरची किंवा दहाव्याच्या आरंभींची मानतात, ती १७ मे २०२३ रोजीं न्यूयॉर्क येथें सुमारें ३ कोटी ८१ लक्ष डॉलरांस विकली गेली, व आतां तेल अवीव येथील संग्रहालयाची झाली आहे. हा आंकडा ऐकून कोणाहि संग्राहकाचे डोळे विस्फारतील.

परंतु मूळपुरुषाच्या चरित्राच्या दृष्टीनें पाहतां त्या अमोल पोथींत दाविद बिन ससून याच्याविषयीं एक अक्षर नाहीं. तो आहे तो निराळ्याच कागदांत : पेढ्यांच्या रोजच्या पत्रव्यवहारांत. हीं पत्रें बगदादी यहुद्यांच्या अरबी बोलींत आणि इब्री लिपीच्या शीघ्रलेखनाच्या वळणांत आहेत. चौकोनी छापील इब्री वाचणारास तें वळण लागत नाहीं, व अरबी जाणणारास ती लिपि येत नाहीं. बाळबोध येणारा मनुष्य मोडीच्या रुमालापुढें जसा थबकतो तसाच हा प्रकार. त्यामुळें घराण्याचे पेढीचे कागद जेरुसलेम येथील राष्ट्रीय ग्रंथालयांत पोंचल्यावरहि कित्येक वर्षें बहुतांशीं न वाचलेले राहिले; ती लिपि शिकून, त्या कागदांच्या आधारें याच वंशांतील इतिहासकार जोसेफ ससून यांनीं २०२२ सालीं घराण्याचा इतिहास प्रसिद्ध केला, तेव्हां त्यांचें मोल जगास कळलें. भाव, हुंड्या, अफूच्या पेट्या, भावाभावांतील रुसवे, मुलीच्या लग्नाची बोलणीं, असें सर्व या पत्रांत मिसळलेलें आहे. समाधीवर नसतें तें येथें असतें.

यावरून आमचें म्हणणें एवढेंच आहे. मूळपुरुषाची खरी ओळख त्याच्या दानलेखांत थोडी व त्याच्या रोजकीर्दींत अधिक असते. दानलेख कोरला जातो तो लोकांनीं वाचावा म्हणून. रोजकीर्द लिहिली जाते ती आपला हिशेब चुकूं नये म्हणून, आणि म्हणूनच ती खोटें कमी बोलते. या घराण्याच्या रोजकीर्दीचें दुसरें पान मात्र जेरुसलेमांत मिळणार नाहीं. तें आपल्या मुलखांत आहे. माळव्याची अफू ज्या सावकारांनीं मुंबईस धाडली त्यांच्या वह्या, शिंदे-होळकरांच्या दफ्तरांतील मोडी हिशेब, मुंबईच्या दलालांचीं व अडत्यांचीं पत्रें, यांत त्या व्यापाराची हिंदुस्थानी बाजू पडून आहे. १८५५ पासून मुंबईंत इब्री अक्षरांत अरबी वृत्तपत्र शिळाप्रेसवर निघत असे. त्याचा जुना अंक कोठें जुन्या बाजारांत दिसल्यास तो कोणा धर्मग्रंथाचें फाटकें पान समजून सोडूं नये.

आपल्या संग्राहकांचा ओढा पोथी, सनद व शिक्का यांकडे असतो, आणि वाण्याची वही रद्दीच्या भावानें जाते. ज्या घरांतून अशा वह्या निघतील त्या घरच्या मंडळींस आमची विनंति आहे कीं, त्यांतील कागद पूर्वजांच्या नांवास शोभणारे आहेत कीं नाहींत, याचा विचार करून ते निवडूं नयेत. शोभणारे व न शोभणारे, दोन्हीं एकत्र राहूं द्यावेत. लाल देवळाच्या आवारांतील समाधि दाविद बिन ससून कोठें थांबला एवढें सांगते. तो कसा चालत आला तें सांगणारे कागद अजून पुष्कळ वाचावयाचे आहेत.